सासरे ऐकू लागले

“झडप डावीकडे अर्धा फेरा फिरवतो, साहेब,” सासरे समुद्राच्या तळातून म्हणाले, आणि वर केबिनमध्ये बसलेल्या जावयानं स्पीकरकडे निरखून पाहिलं.

साहेब?

केबिन म्हणजे बोटीच्या डेकवर ठेवलेला लोखंडी खोका. आत खोलीचा काटा, हवेच्या दाबाचे काटे, माईक, स्पीकर आणि शब्द न् शब्द टिपून घेणारं एक यंत्र. जावई माईकपुढे, त्याच्या पाठीमागे मांडीवर फॉर्म घेतलेले परीक्षक. पाणबुड्यांचा सुपरवायझर व्हायचं, तर चालू कामावरच परीक्षा द्यावी लागते. जावयाची ही तिसरी खेप. चौथी कुणाला मिळत नाही.

पहिल्या दोन्ही वेळा त्याला बुडवलं ते सासऱ्यांच्या तोंडानं. नियम सोपा आहे. वरून आलेला हुकूम खालच्या माणसानं जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच हात हलवायचा. तो म्हणत नसेल, तर वरच्यानं काम पुढे जाऊ द्यायचं नाही. पण तळाच्या पाइपलाइनच्या झडपांवर सासऱ्यांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात बसलेला नव्हता, आणि सासरे कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. चौतीस वर्षं पाण्यात गेलेली. एकदा आडव्या आलेल्या शार्कला त्यांनी असं काही सुनावलं म्हणे, की तो बिचारा तेव्हापासून शेवाळावर दिवस काढतोय. साक्षीदार कुणी नाही, पण बोटीवर शंकाही कुणी काढत नाही.

“ऐकलं, जावईबापू! तुम्ही शेंबूड पुसायला शिकत होता तेव्हापासून झडपा फिरवतोय मी,” हे पहिल्या परीक्षेतलं उत्तर. दुसऱ्या परीक्षेतलं उत्तर यंत्रानं टिपलं, पण परीक्षकांना ते फॉर्मवर लिहवेना. दोन्ही वेळा जावयानं मान खाली घातली आणि काम पुढे जाऊ दिलं. दोन्ही वेळा नापास.

“थांबा आणि खोली सांगा,” जावई आता म्हणाला.

“थांबतो आणि खोली सांगतो, साहेब. तीस मीटर, साहेब.”

परीक्षकांचं पेन खुशीत पळत होतं. “वा! आदर्श,” ते पुटपुटले.

जावई मात्र एकेक काटा पुन्हा पुन्हा तपासत होता. प्रशिक्षणात एक गोष्ट त्याच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली होती. बोटीवरून खाली हवा पुरवणाऱ्या नळीतून खराब हवा जायला लागली, की पाणबुड्या ओरडतोच असं नाही. कधीकधी तो आधी गोड होतो. डोकं बधिर होतं, सांगाल त्याला हो म्हणतो, आणि हो म्हणता म्हणता जातो. समोरचे काटे सगळे जागच्या जागी होते. पण हवा किती हे काट्याला कळतं, कशी ते कुठून कळणार?

त्यानं खडा टाकून पाहिला. “मामा, कमरेच्या दोरीची गाठ नीट बसलीय ना, बघा जरा.”

चौतीस वर्षांच्या पाणबुड्याला गाठ बघायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ ओळखायला लावणं. जावयानं डोळे मिटले आणि शिव्यांची वाट पाहिली. स्पीकरमधून नुसता श्वास आला. जड, भराभर.

“गाठ बघतो, साहेब.”

“काम बंद,” जावई म्हणाला.

परीक्षक दचकले. “कारण?”

“सासरे ऐकताहेत.”

“मग? तेच तर पाहिजे!”

“आमचे ऐकत नाहीत, सर. खाली त्यांना काहीतरी झालंय.”

“वीस मिनिटांचं काम राहिलंय. काही झालेलं नसलं, तर मला तसं लिहावं लागेल.”

“लिहा,” म्हणत जावयानं माईक ओढला. “मामा, हत्यार सोडा. पाठीवरच्या बाटलीतली हवा घ्या. पाळण्यात उभे राहा.”

“हत्यार सोडतो, साहेब. पाठीवरची हवा घेतो, साहेब. पाळण्यात उभा राहतो, साहेब.” दर साहेबागणिक श्वास वाढतच होता.

राखीव पाणबुड्या हेल्मेट चढवून कडेला तयार उभा राहिला. माणसाला वरखाली नेणारा तो लोखंडी पाळणा सावकाश निघाला, आणि नियमानं जिथे जितकं थांबायचं तिथे तितकं थांबला. जावयानं एका सेकंदाची घाई केली नाही. तेवढ्या वेळात बायकोला ही बातमी कशी सांगायची, याची वाक्यं मात्र मनाशी तीनदा जुळवून झाली.

हेल्मेट उतरलं. सासऱ्यांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा. बोटीवरच्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, बोटं मोजायला लावली, एका पायावर उभं केलं. नाडी तेवढी घोड्यासारखी पळत होती, बाकी माणूस ठणठणीत. नळीतली हवा तपासली. तीही चोख.

“माझा अंदाज चुकला, सर,” जावई म्हणाला.

“चुकला. उद्या पुन्हा असंच वाटलं तर?”

“पुन्हा वर घेईन.”

परीक्षकांनी फॉर्मवर ‘उत्तीर्ण’ लिहिलं, खाली सही ठोकली. “आधी खात्री करून मग थांबवणारे मी पुष्कळ पाहिलेत,” ते म्हणाले. “त्यांच्या पाणबुड्यांच्या घरी जाऊन आलोय.” मग ते सासऱ्यांकडे वळले. “पण काय हो, आज एवढं शहाण्यासारखं बोलत होतात ते कसं काय?”

सासऱ्यांनी आधी वाकून सहीची शाई वाळल्याची खात्री करून घेतली. मग तासाभराचं तुंबलेलं सगळं एकदम फुटलं.

“लेकीनं शपथ घातली होती! नवरा पास होईस्तोवर उलट एक अक्षर बोलायचं नाही म्हणून! जन्मात पहिल्यांदा कुणाचं निमूट ऐकलं, तर ह्या शहाण्यानं मला डॉक्टरपुढे एका पायावर उभं केलं!”