सेफेरिनोच्या मिशा आणि मंगळवारचं अपडेट

“ड्रायव्हर अपडेट केल्याने ग्राफिक्स कार्ड जळलं, असं कुणी सिद्ध करून दाखवा,” सेफेरिनो म्हणाला, “ह्या मिशा त्याच दिवशी उतरवतो!”

शेजारच्या त्रांकिलिनो न्हाव्याने गार तेरेरेचा, त्या पाल्याच्या थंड चहाचा, पेला खाली ठेवला आणि वस्तरा जागेवर आहे ना, ते वळून पाहिलं.

असुन्सिओनच्या बाजारात सेफेरिनोचं कंप्युटर-दुरुस्तीचं दुकान अठरा वर्षांचं. मिशा त्याहून जुन्या. गिऱ्हाईक आधी मिशा बघायचं, मग पाटी.

“पण डॉन सेफेरिनो, मी सोमवारी अपडेट चढवलं आणि मंगळवारी दुपारी मशीन तापून बंद पडलं,” येरुती म्हणाली. “नेटवर सगळे तेच म्हणतायत.”

“नेटवर काय, कुणीही डॉक्टर होतं. पोरी, ड्रायव्हर फार तर पंखा मंद करेल. कार्ड फारच तापलं तर स्वतःच बंद पडतं. जळत नाही.”

येरुती शाळेत चित्रकला शिकवायची. ब्युनोस आयर्सच्या एका स्टुडिओने तिच्याकडून दोन मिनिटांची कार्टून फिल्म मागवली होती. महिनाअखेरच्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पोचली तर नोकरी, नाहीतर राम राम. रोज सकाळी ती फिल्म कंप्युटरवर शिजत लावायची, म्हणजे काढलेल्या चित्रांची फिल्म तयार व्हायला ठेवायची, आणि शाळेत जायची. घरी असायची फक्त आई, डोन्या देओलिंदा. पण ती आपल्या न्यांदुतीत बुडालेली. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती लेस विणायची, आणि बुधवारी सकाळी दुकानदार माल न्यायला यायचा. मंगळवारी तिला मान वर करायला फुरसत नसायची.

सेफेरिनोने मशीन उघडलं. पंख्याच्या पात्यांवर पांढरे कण होते. मास्तरणीचा खडू, म्हणत त्याने फुंकर मारली. मग तेच अपडेट घालून दिवसभर मशीन पळवलं. काकडीसारखं गार.

“बघितलंस?” तो त्रांकिलिनोला म्हणाला.

“मला काय, मी थांबतो,” न्हावी म्हणाला. “केस काय, वाढतातच.”

पुढच्या सोमवारी येरुतीला स्क्रीनवर पुन्हा अपडेटची सूचना आली. तिने भाबडेपणाने ‘हो’ म्हटलं. मंगळवारी मशीन पुन्हा बंद.

बुधवारी सेफेरिनो स्वतः तिच्या घरी गेला. फ्रिजवर लेस, टीव्हीवर लेस, गॅसच्या टाकीला लेसचं टोपडं. मशीन मात्र उघडंबोडकं, भिंतीपासून वीतभर लांब, हवा खेळती. दोन तास तो समोर बसून राहिला. मशीनने शिंकसुद्धा दिली नाही.

“तेरेरे घे रे, बाबा,” डोन्या देओलिंदा म्हणाली. “आमच्यापायी किती उन्हातान्हात फिरतोयस! तुझ्यासाठी काहीतरी करायला हवं.”

“काही नको हो, डोन्या. मशीन चाललं म्हणजे पावलं.”

ते तिसऱ्या मंगळवारपर्यंत चाललं. आदल्या दिवशी अपडेट आलंच होतं. ह्या वेळी येरुतीने मशीन शाळेतल्या कपड्यांतच छातीशी धरून आणलं. सेफेरिनोने झाकण काढलं. कार्ड जळून काळं पडलेलं. आतून ताज्या चिपाचा, मंदिओका कंदाच्या पिठाच्या त्या गरम पावांचा वास येत होता. सेफेरिनोला वाटलं, टोपली घेऊन कुणी चिपावाली रस्त्याने गेली असेल. त्याने जेवणही केलं नव्हतं.

“डॉन सेफेरिनो,” येरुती म्हणाली, “शुक्रवार तीन दिवसांवर आलाय.”

तो बराच वेळ मिशांवरून हात फिरवत बसला. दुकानात ठीक, घरी ठीक, अपडेटनंतर मात्र राख. शेवटी म्हणाला, “माझं मशीन घे. माझं कार्ड दणकट आहे. शुक्रवारपर्यंत गिऱ्हाइकाचं काम बंद.”

“त्यावर अपडेट आहे का?” तिने घाबरत विचारलं.

“दोन वर्षांत एकही नाही.”

“का रे?” दारातून त्रांकिलिनो ओरडला. “अपडेटने काही होत नाही ना?”

“वेळ नाही मिळाला!”

शुक्रवारी सकाळी मायलेकी दुकानात येऊन बसल्या. साडेदहाला फिल्मचे शेवटचे सात सेकंद शिजायचे उरले होते. सेफेरिनो उठला. दिलेला शब्द किती दिवस खिशात ठेवायचा? तो शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला आणि डोळे मिटले.

“आठवण म्हणून बांधून देऊ?” न्हाव्याने विचारलं.

“गप काप.”

तो परतला तेव्हा येरुती दारातच नाचत होती. “पोचली! अकरा वाजता पोचली! त्यांचं उत्तरसुद्धा आलं!” मग तिने त्याचं तोंड पाहिलं आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

सेफेरिनोचा वरचा ओठ गार लागत होता. पण पोरीचं काम झालं होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तो हरला होता आणि त्याला चक्क बरं वाटत होतं.

“चिपा कुणी आणली?” त्याने हवेत नाक हुंगलं. “मस्त वास सुटलाय.”

“चिपा नाही रे, बाबा, खळ आहे. मंदिओकाचीच.” डोन्या देओलिंदाने मशीनच्या डोक्यावरची, गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवरची लाकडी चौकट अलगद उचलली. चौकटीत ताणलेली लेस कडक, पांढरीशुभ्र. “तुझ्यासाठी. खळ आज सकाळीच लावली, म्हणून ओलीच आणली. उन्हात पिवळी पडते, मशीनवर कशी छान वाळते. घरीसुद्धा दर मंगळवारी अशीच वाळवते, आणि पोरगी शाळेतून यायच्या आत उचलते. उगीच पसारा नको.”

त्रांकिलिनो वस्तरा पुसत दारात उभा होता. मशीनमधून टक्क असा आवाज आला आणि पडदा काळा झाला.