दोन मशीनपुरता उजेड

नवरा गेल्यावर वहिनीनं नणंदेसोबत घर विकत घ्यायचं ठरवलं, ते त्या काळी कुणालाच पटलं नाही. “चार दिवसांत एकमेकींच्या झिंज्या उपटाल,” चुलतसासरे म्हणाले. दलालानं कुलूप उघडून आधी स्वयंपाकघर दाखवलं. बायकांना दुसरं काय बघायचं असतं! पण दोघींचं पोट शिवणकामावर. त्या तडक पुढच्या खोलीतल्या खिडकीशी गेल्या. वहिनीनं पिशवीतून शिलाई मशीनच्या मापाचे दोन कागद काढून जमिनीवर पसरले. आजवर पाहिलेल्या प्रत्येक घरात एकीचं मशीन अंधारात जात होतं. इथं दोन्ही कागद शेजारीशेजारी उजेडात मावले. “वन्सं, बसलं की हो!” म्हणत वहिनीनं कागदावरच फतकल मारली. दलाल गोंधळला. “ते ठीक, पण घर घेणारे मालक कधी येणार?” “आलेत की,” नणंद ताठ मानेनं म्हणाली. “एक खाली बसलीय, दुसरी तुमच्याशी बोलतेय.”