धुळाजीची दमणी

धारूर मागं पडून घटकाही झाली नसेल, तोच दमणीचं डावं चाक असं काही कण्हलं की भिवराबाई दचकून उजवीकडं सरकली.

"धुळाजी, हे काय रे?"

"काय न्हाई बाई. गाडी लई मजबूत हाय. आवाज करती, इतकंच."

मजबूत म्हणे! वरचं छप्पर जागोजाग फाटलेलं, खालच्या फळ्यांत पाय अडकावा एवढी फट, आणि जू बांधायच्या दोऱ्या तर हात लावला तरी सुटतील अशा. भाड्याची गाडी आणि भाड्याचा धुळाजी, दोन्ही सारखेच खिळखिळे. पण करते काय? घरची चांगली गाडी घेऊन लेक मोहन गेवराईकडं गेला होता, दुसरी सोयरीक ठरवायला. आणि भिवराबाई सून बायनाला घेऊन निघाली होती दिंद्रुडला, तिच्या माहेरी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. तिला तिथं सोडायचं आणि पुन्हा आणायचं नाही, असं मायलेकांनी ठरवलं होतं. बायनाला मात्र एवढंच सांगितलेलं, "चार दिवस बापाला भेटून ये."

चाक आणखी कण्हायला लागलं. धुळाजीनं वंगणाचा नळा उपडा केला, तर आतून एक झुरळ तेवढं बाहेर पडलं. भिवराबाईनं कपाळाला हात लावला. बायना मात्र खाली उतरली. गाठोड्यातली करडीच्या तेलाची बाटली काढून तिनं आखावर ओतली, वर चिंधी कोंबली आणि पदराला हात पुसत परत येऊन बसली.

"अगं, बापासाठी नेत होतीस ना ते?"

"आसू द्या आत्याबाई. गाडी चालली पायजे."

भिवराबाई तिच्याकडं बघत राहिली. पोर पहिल्यापासून अशीच. कामाला वाघ, तोंडानं मुकी. मोहनचा हात उठला तरी हिनं कधी उलट शब्द काढला नव्हता. गुणाची पोर, यात काही खोटं नाही.

दुपारी चाकाची लोखंडी धाव निसटायला लागली. धुळाजीनं बैल सोडले, बाभळीखाली बसून चंची उघडली आणि निवांत म्हणाला, "आता माघारी फिरलेलं बरं. धाव काय दिंद्रुडपतोर टिकत न्हाई."

"माघारी कावून?" बायना एकदम बोलली. "उठा दादा, चाक काढा. लाकूड वाळलंय म्हणून धाव ढिली झाली. वढ्याला पाणी हाय की!"

सासरी आल्यापासून एवढं लांब बोलणं भिवराबाईनं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोरीनं धुळाजीला उठवलंच. चाक ओढ्यात घातलं, लाकूड फुगेपर्यंत उन्हात उभी राहून ते फिरवत राहिली, मग बाभळीच्या पाचरी करून दगडानं ठोकल्या. धाव घट्ट बसली. धुळाजीनं तोंडात बोटं घातली.

"बाई, सून हाय का कोण हाय ही? लई नशीबवान हाव तुमी!"

भिवराबाईला ते बोलणं फार लागलं. ज्या गाडीतून हिला कायमची घालवायची, तीच गाडी ही पोर आपल्या हातानं नीट करतेय आणि हिला बिचारीला काही ठाऊक नाही! बरोबर आणलेली भाकरी तिनं तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली.

घाटात तर सत्त्वपरीक्षाच झाली. निजामसरकारनं सडक केली होती, पण उतार काही कमी केला नव्हता. मधोमध आल्यावर एका बैलाच्या गळ्याची दोरी तुटली आणि दमणी दरीकडं सरकायला लागली. धुळाजी नुसताच ओरडला. बायनानं मात्र खाली उडी मारली आणि भलाथोरला धोंडा उचलून चाकाखाली सारला. गाडी थांबली. पोरीच्या हाताची सालटी निघाली होती, रक्त गळत होतं.

"बायना! लई लागलं का गं?"

"न्हाई आत्याबाई. तुमी बसा, उतरू नका."

आणि तिनं आपल्या लुगड्याचा काठ फाडला. हाताला बांधायला नव्हे, जू बांधायला. भिवराबाईला हुंदका आवरेना. पोटची लेक करणार नाही एवढं ही परक्याची पोर करत होती.

घाट उतरल्यावर बायना गुणगुणायला लागली. हळूच, स्वतःशीच, जात्यावरची ओवी. बापाच्या भेटीची केवढी हौस, असं वाटून भिवराबाईला आणखी भरून आलं.

ऊन कललं आणि दिंद्रुडची झाडं दिसायला लागली, तेव्हा मात्र तिच्यानं राहवेना.

"धुळाजी, थांबव गाडी."

गाडी थांबली. भिवराबाईनं सुनेचे सोललेले हात आपल्या हातात घेतले.

"पोरी, खोटं बोलले मी तुझ्याशी. चार दिवसांसाठी न्हाई, कायमची सोडायला आणलं तुला. मोहन दुसरी बघायला गेलाय. पण आता ते व्हायचं न्हाई. मूल न्हाई तर न्हाई! तुझ्यासारखी सून मला दिवा घेऊन हुडकली तरी गावायची न्हाई. मोहनला मी सांगते काय सांगायचं ते. धुळाजी, फिरव बैल. आपल्या घरी चल, माझे बाई!"

धुळाजीनंही डोळे पुसले आणि कासरा ओढला.

बायनानं हात सोडवून घेतले. गाडीतून उतरली, सासूच्या पायांवर डोकं ठेवलं, गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं.

"मला पैल्यापासूनच ठावं हुतं, आत्याबाई," ती म्हणाली. "माघारी फिरायची पाळी येऊ नये म्हणून तर दिसभर ही गाडी बांधीत आले."