कपावरची तारा

"बसा ना, मावशी," दुकानदार ऋतिका म्हणाली. पण तारा दारातून हलली नाही. तिने हात आडवा धरला होता.

डिचोलीच्या बाजारातल्या त्या छपाईच्या दुकानात कृष्णनाथ तिसऱ्यांदा बाकावरून उठले होते. "मयेची बस इली काय?" त्या बसने त्यांची बायको माहेरून येणार होती. बायको दारातच उभी होती. पण गेले आठ महिने ते तिला ओळखत नव्हते. कालपासून तर तिच्या हातचं पाणीही घेईनात. परक्या बाईच्या हातचं कशाला, म्हणायचे.

ताराने पिशवीतून लग्नातला स्वतःचा फोटो काढला. "हो फोटो कपार येतलो?"

"येतलो. पण एका बाजूला आताचा फोटो घालूया?"

"आताची मी तेंका नाका," तारा म्हणाली.

ऋतिकाने फोटो संगणकावर घेतला, साफ केला, छापला. कागद बघून तारा घाबरली. "पुसट इलो गो! आणि नथ उजवीकडे कशी?"

"उलटाच छापतात, मावशी. कपावर सुलटा होतो. आणि तापल्यावर रंग उघडतो." कागद पांढऱ्या कपाभोवती गुंडाळून तिने टेपने घट्ट बसवला, कप यंत्रात ठेवला आणि दांडा ओढला. "शाईची वाफ होते आणि कपाच्या लेपात शिरते. घासली तरी जात नाही."

"घासली तरी?"

"तरी."

यंत्रावर सेकंदांचे आकडे उलटे मोजले जात होते. एकशे चाळीस. एकशे वीस. ताराची नजर आकड्यांवर खिळली आणि तेवढ्यात कृष्णनाथ तिच्या हाताखालून वाकून रस्त्यावर गेले. टेम्पोने करकचून ब्रेक मारला. ताराने धावत जाऊन त्यांची बाही पकडली.

"सोडा, बाई! लोक बघतत!"

तिने सोडली नाही. ऋतिका बाहेर आली. "आजोबा, च्या घेऊन जावा. बसला वेळ आसा." तेव्हा कुठे ते येऊन बसले.

हातमोजे घालून ऋतिकाने कप काढला, कागद सोलला. एकोणीस वर्षांची मुलगी, नथ डावीकडे, फोटोग्राफरकडे बघून हसू दाबणारी. कप निवल्यावर शेजारच्या हॉटेलातला चहा त्यात ओतला. ताराने तो दोन्ही हातांनी पुढे केला.

कृष्णनाथ आधी तिच्याकडे बघत राहिले, मग कपाकडे. हळूच त्यांनी कप घेतला.

"ही तारा," ते म्हणाले. "तुमी वळखतात हिका?"

"वळखतंय. थोडीशी."

ते चहा प्यायले. एक घोट, दुसरा, तिसरा. ताराने पदर तोंडाशी धरला. कप अर्धा झाल्यावर ते थांबले आणि त्यांनी तो तळहाताने झाकला.

"घ्या ना अजून," तारा म्हणाली.

"नाका. उरललो ताराक. तिका ऊन च्या लागता."

तारा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोट गेला नव्हता.