शेवटचं क्रियापद

"गुआर्दार," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या बोटाकडे बघत राहिली.

बोट हललं नाही. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपून त्याच्या गुडघ्यांवरच्या शालीवर पसरलं होतं. सगळ्या खोलीलाच पेंग आली होती. तिने "मान्तेर" म्हणून पाहिलं. मग "कोन्सेर्व्हार". शब्द उन्हात तरंगत त्याच्यापर्यंत गेले आणि तिथेच कुठेतरी विरून गेले.

समोर अनुवादाला घेतलेल्या इंग्रजी कादंबरीचं शेवटचं वाक्य होतं. घर विकल्यावरही म्हातारी त्यातली एक खोली 'कीप' करते. हे 'कीप' म्हणजे एक नंबरचं चावट क्रियापद. राखणं, जपणं, सांभाळणं, न सोडणं, सगळीकडे आपलं मिरवत हिंडतं. पोर्तुगीजमध्ये मात्र त्याच्या प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द शोधत बसा.

पोर्तुगीज तिची नव्हे, नवऱ्याची मायबोली. ती लग्नानंतर शिकलेली. म्हणून तिचा प्रत्येक अनुवाद आधी त्याच्या कानावरून जायचा. चुकलं की तो बोटाने खुर्चीच्या हातावर टकटक करायचा. जमलं की गप्प. त्या टकटकीपायी दोघं कितीदा तरी हमरीतुमरीवर आली होती.

मेंदूच्या झटक्यात त्याची वाचा गेली. त्याला काही समजत असेलसं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तिने त्याला एक ओळही वाचून दाखवली नव्हती. उत्तर आलंच नाही तर, या विचाराने ती कागद बाजूला ठेवायची. लेकीने त्याच्यासाठी एका संस्थेत जागा बघितली होती आणि आज ती त्याला न्यायला येणार होती. नकार द्यायला काही आधारच नव्हता, म्हणून आईने मान डोलावली होती. निदान जाण्याआधी एकदा विचारून बघावं, एवढ्यासाठी आज ती कागद घेऊन बसली होती.

तिचे डोळे भरून आले. चष्मा पुसता पुसता तिला त्याची नेहमीची कुरकुर आठवली. "अगं, सुटा शब्द काय विचारतेस? वाक्यात घालून वाच."

इतक्या वर्षांत तिची ही खोड काही गेली नव्हती. तिने चष्मा लावला आणि 'गुआर्दार' घालून अख्खं वाक्य वाचलं.

टकटक.

हात आपोआपही हलला असेल, तिने स्वतःला बजावलं. 'मान्तेर' घालून वाचलं. टकटक. 'कोन्सेर्व्हार'लाही टकटक, आणि तीही चांगली वैतागलेली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

आता उरला 'फिकार कों', शब्दशः 'सोबत राहणं'. स्वयंपाकघरात, बाजारात बोलायचा साधासुधा शब्द. पुस्तकात शोभायचा नाही, म्हणून तिने तो विचारलाच नव्हता. तिने वाक्य शेवटपर्यंत वाचलं.

बोट हललं नाही.

ती पुन्हा वाचू लागली, सावकाश, आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. तेवढ्यात दार उघडून लेक रिकामी बॅग घेऊन आत आली. बाबांचे कपडे काढून ठेवलेत का, असं तिने विचारलं.

आईने कागदावरून मान वर केली नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "आमचं काम चाललंय."