पडायचा जोड

"ताप नाही ना आज?" रेमेदिओसनं विचारलं आणि बुटांचे दोन जोड टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

लिसार्दो सिनेमात हिरोच्या बदली घोड्यावरून पडायचं काम करायचा. "ठणठणीत आहे, वहिनी," तो हसून म्हणाला.

दोन्ही जोड हुबेहूब सारखे होते. गुडघ्यापर्यंत उंच, तपकिरी चामड्याचे, बाजूला पितळी बकलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा भटक्यानं वाळवंटात झिजवले असावेत, असे. खरं तर ते गेल्याच आठवड्यात शिवले होते, आणि रेमेदिओसनं विटेनं घासून, तेल चोळून त्यांना म्हातारं केलं होतं. सात नमुने नाकारून डायरेक्टरनं हा पसंत केला. तळ मात्र त्याला खोबणीदार रबराचाच हवा होता, कारण सिनेमातला खलनायक त्या ठशांवरून हिरोचा माग काढतो. गुळगुळीत चामड्याचा तळ घोड्यावर पाय अडकवायच्या रिकिबीतून अलगद सुटतो, रबर अडकून बसतं. पण स्वतः खुर्चीवर बसणाऱ्याला हे कोण सांगणार?

"हा चेहऱ्याचा जोड, हिरोचा. आणि खडूची फुली असलेला पडायचा जोड, तुझा," ती म्हणाली. "तुझे तूच घाल. अदलाबदल नको."

"माप तर एकच आहे आमचं."

"दामियानचंही तेच होतं," रेमेदिओस म्हणाली. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हिरोच्या रुमालासाठी ओरडलं, तशी ती तंबूबाहेर गेली.

दामियान तिचा नवरा, लिसार्दोसारखाच घोड्यावरून पडणारा. तीन वर्षांपूर्वी लिसार्दोनं ताप आल्याचा निरोप धाडला, म्हणून तो त्याच्या जागी घोड्यावर बसला. पाय रिकिबीत अडकला आणि घोड्यानं त्याला खडकांवरून कोरड्या नदीपर्यंत फरफटत नेलं. ताप वगैरे काही नव्हता. लिसार्दो एका लग्नातली दारू उतरेपर्यंत झोपला होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, रेमेदिओसला तर नाहीच. ती मात्र दर रविवारी त्याला जेवायला बोलवायची, आणि त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मग आज तापाचं का विचारलं तिनं?

त्यानं आपला बूट उचलला. सवयीनं अंगठा मागच्या शिवणीवरून फिरवला आणि थबकला. चामडं दबत होतं. त्यानं बूट उजेडात धरला. मेणाचा जाड दोरा उसवून तिथे साधा सुती दोरा घातला होता, एकेरी, बोटभर अंतरावर टाके. वरून पॉलिश चोळून तो लपवलाही होता. दुसऱ्या बुटाचंही तेच. टेबलाखाली मेणाच्या दोऱ्याचे तुकडे पडले होते. हिरोच्या बुटांची शिवण मात्र टाचेपासून गुडघ्यापर्यंत दुहेरी, करकचून ओढलेली.

त्यानं बूट खाली ठेवला. भरधाव घोड्यावर बूट उकलला तर पायाची पकड जाणार, आणि ठरल्या जागेच्या आधीच तो थेट खुरांखाली. तिला कळलं होतं तर! राग नाही आला त्याला. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असंच वाटलं. पण जीव कुणाला नको असतो?

हिरोला काय, खडकावर उभं राहून दूर बघायचं होतं. त्याचा बूट उकलला तर फार तर डायरेक्टर शिव्या देईल. लिसार्दोनं बाहीनं फुली पुसली, खडू शोधून हिरोच्या जोडाच्या आत ओढली आणि तो जोड पायात चढवला.

रेमेदिओस परत आली. वाकून तिनं फुली बघितली आणि तिचा चेहरा निवळला. त्या निवळण्याचीच त्याला धडकी भरली.

"बकलं एवढी आवळू नकोस," ती म्हणाली. "सैल राहू देत."

"बरं, वहिनी."

ती काहीतरी बोलणार होती. पण तबेर्नासच्या वाळवंटात सिनेमासाठी पडणाऱ्या घोडेस्वारांत एक नियम होता. पडायच्या दिवशी पडणाऱ्यापाशी अपघाताचा विषय काढायचा नाही. तिनं नुसता त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि तोंड फिरवलं. तंबूबाहेर पडल्याबरोबर लिसार्दोनं बकलं आणखी एकेक भोक आवळली.

माळावर म्हातारा माकारियो घोडा धरून उभा होता. लिसार्दोनं टांग टाकली. दोनशे पावलांवर लाल दगड होता. तिथे बार उडणार, घोडा बुजणार आणि लिसार्दो डावीकडे कोसळणार.

"आज बोलू नये," माकारियो पुटपुटला आणि त्यानं कुंपणाच्या लाकडाला हात लावला. "पण त्या बाईसाठी निदान मेणबत्ती तरी लाव चर्चमध्ये. दोन दिवस बुटांशी झटतेय. दामियान गेल्यापासून पडणाऱ्या प्रत्येकाची शिवण ती स्वतः कच्ची करते. पाय अडकलाच, तर बूट उकलतो, माणूस सुटतो. गेल्या साली दोघं वाचले."

लिसार्दोनं लगाम खेचला. "काका, थांब—"

झेंडा खाली आला होता. माकारियोनं घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

लाल दगड आला. बार उडाला. घोडा बुजून उसळला आणि लिसार्दो डावीकडे कोसळला. पाठ जमिनीवर आपटली, पण डावा पाय वरच राहिला. घोडा थांबला नाही. धुळीतून त्याला रेमेदिओस धावत येताना दिसली. ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "ओढ लिसार्दो, पाय ओढ! सुटेल, मी शिवलाय तो!"

त्यानं सारा जीव एकवटून पाय ओढला. टाचेपासून गुडघ्यापर्यंत एक टाकाही हलला नाही.