गाळलेलं पाणी

निजाम सरकारच्या नोकरीतल्या तरुण डॉक्टर त्रिंबकानं हैदराबादच्या आपल्या डॉक्टरीच्या उस्तादांना आपलं काम दाखवायला ऐटीत चकलांब्याला आणलं होतं. नारूच्या रोगाचे बारीक जीव पाण्यातून पोटात जातात, म्हणून पाणी फडक्यानं गाळून प्यायचं, हे त्यानं इथल्या मंजुळाबाईंना शिकवलं होतं. बाईंनी दोघांना रांजणातलं पाणी तांब्यांत दिलं. त्रिंबकानं आपला तांब्या घटाघटा रिकामा केला. उस्तादांनी आपला न पिता हातातच धरला. मग बाईंनी बारवेवरून आणलेली घागर फडक्यातून रांजणात ओतली, आणि फडकं गोळा करून त्याच रांजणात पिळलं. त्रिंबकानं विचारलं, “बाई, हे कशाला?” “दुष्काळातलं पानी हाय, डाक्टर. थेंब तरी कावून वाया घालवायचा?” उस्ताद हलक्या आवाजात म्हणाले, “फडकं कुठं पिळायचं, ते सांगितलं होतंस?” बाईंनी तांब्या पुन्हा भरला. “घ्या की, डाक्टर. साऱ्या गावाला म्याच शिकवलंय, घरोघरी जाऊन.”